तयार मेंदूची मुलगी

—नाही हो ताई, बसा की, बॅग मी मांडीवर घेते. मुलगा आत आहे माझा, पायाला प्लॅस्टर घालताहेत. स्कूटर काढली आणि नेली थेट कठड्यावर. सोळा वर्षांचा आहे. लायसन्स? अहो, मेंदूच नाही अजून, लायसन्स कुठलं! हसू नका, डॉक्टरांनीच सांगितलंय. हे आतले नव्हेत, शाळेत भाषणाला आलेले. पडद्यावर मेंदूची ही एवढी मोठी चित्रं, रंगीत — आणि म्हणे मुलींचा मेंदू मुलांच्या आधी तयार होतो, वर्ष-दोन वर्षं आधी. झालं! आमच्या ह्यांना तेवढंच हवं होतं. जुळी आहेत ना आमची, मुलगा आणि मुलगी, एकाच दिवशी जन्मलेली — त्या भाषणावरून घरी आलो आणि त्यातली एक झाली मोठी बाई, दुसरा राहिला बाळ.

तेव्हापासून बघा. त्याने आरसा फोडला — असू दे, डोक्याचा पुढचा भाग कच्चा आहे त्याचा. तिच्या हातून दूध उतू गेलं — तुला कळत नाही? तुझा तर तयार झालाय ना? सकाळी त्याला उठवणार कोण, ती. त्याचे मोजे शोधणार कोण, तीच. त्याच्या परीक्षेच्या तारखासुद्धा तिनेच लक्षात ठेवायच्या. जागा आहे ना तिच्या डोक्यात, तयार डोकं! आणि आमचे चिरंजीव काय कमी आहेत? सरांनी विचारलं, गृहपाठ का नाही केलास, तर म्हणे, सर, माझ्या मेंदूचं काम अजून चालू आहे. अख्खा वर्ग हसला. ह्यांनी तर ऑफिसात चार लोकांना सांगितलं, कौतुकाने!

डॉक्टर पुढेही बोलले होते बरं का. की ही सरासरी आहे, घरातल्या दोन मुलांना हे माप लावू नका. आणि विचार करायचा तो पुढचा भाग, तो पंचविशीपर्यंत कुणाचाच पुरता तयार होत नसतो, मुलीचाही नाही. पण हे तोवर गाडी काढायला बाहेर गेले होते. मी? मी होते की. ऐकलं ना. — ऐकलं खरं, पण ह्यांना सांगून काय करणार होते? मग रोज सकाळी त्याला उठवायला तिच्याऐवजी मलाच जावं लागलं असतं. तुम्ही नोकरी करता का? मग तुम्हाला कळेल.

तर स्कूटरची किल्ली. ती ठेवायची कोणाकडे, तर तिच्याकडे. जबाबदार ना ती! आज त्याने ती हिसकावली. तिने काय करावं? आरडाओरडा करावा, मला फोन करावा — नाही, ही शहाणी त्याच्या मागे जाऊन बसली. एकटा गेला तर पडेल म्हणून! हा बघा तयार मेंदू. मी आले आणि आधी एक ठेवून दिली तिला. तुझ्या भरवशावर किल्ली दिली होती म्हटलं. आता बसलीय त्या खिडकीपाशी तोंड फुगवून. बघतेय का इकडे? नाही ना? बोलत नाही माझ्याशी मघापासून.

काय? — हो, तीही पडलीच की, मागेच होती ना. नाही, तिला काही झालं नाही. म्हणजे काही म्हणाली नाही ती. विचारलं का? — अहो, त्याचा पाय असा वाकडा झालेला, रक्त, हे फोनवर ओरडताहेत, त्यात कोण... नाही. नाही विचारलं.

असा काय धरलाय तिने हात? — ए, इकडे ये. ये गं. बघू. अगं, केवढा सुजलाय हा! हलतं का बोट? नाही हलत? अगं मग बोलायचं नाही का, इतका वेळ गप्प बसून — काय? काय म्हणालीस? — "आधी त्याचं होऊ दे"?

ताई, तुम्हाला बोलावताहेत बहुतेक. जा तुम्ही. माझ्याकडे काय बघताय, जा ना.