प्रश्न संपायच्या आत उत्तर

मंडळी, ऐका! आधी एक विचारतो, मग कथा. उत्तर पाठ असलं म्हणजे प्रश्न कळला, असं होतं का हो? — थांबा! लगेच माना डोलवू नका! माझं वाक्य तरी पुरतं कानात शिरू द्या! हेच तर दुखणं आहे आपलं!

तर जालन्याची रेवती कुलथे. परदेशात डॉक्टरकी शिकून आली. पण इथे रोग्याला हात लावायचा तर परवाना हवा, आणि परवान्यासाठी परीक्षा! पोरगी एकदा नापास झाली. मग तिने मोबाईलवर प्रश्नसंच घेतला. हजारो प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. जेवताना प्रश्न, केस विंचरताना प्रश्न! इतकं घोटलं, इतकं घोटलं, की पहिले दोन शब्द दिसले की बोट आपोआप उत्तरावर!

तिचे मामा, डॉक्टर दिगंबर शहाणे. त्यांचा दवाखाना गावातच. एकदा त्यांनी विचारलं, "रेवा, चाळिशीतला माणूस, छातीत—"

"क!" रेवती म्हणाली.

"अगं, क काय? मी अजून रोगी पुरता आत आणला नाही!"

"मामा, तो प्रश्न ठाऊक आहे मला!"

मामांनी कपाळाला हात लावला. काय करणार, भाचीच ती!

पुढे ऐका. एका दुपारी मामा आत हात धूत होते, बाहेर रेवती नुसती बघून शिकायला बसलेली. तेवढ्यात उज्ज्वला नावाची तरुण बाई आली, नवऱ्याच्या खांद्याला धरून. पोटात उजवीकडे खाली दुखतंय, चक्कर येतेय. रेवतीचे डोळे लकाकले — हा तर रोजचा प्रश्न!

"अपेंडिक्स आहे. उद्या सोनोग्राफी करून या."

उद्या! मंडळी, उद्या!

ती दोघं उठलीसुद्धा. इतक्यात मामा बाहेर आले. बाईचा चेहरा पाहिला, पापणी खाली ओढून बघितली — पांढरीफटक! नाडी धावतेय! हळूच विचारलं, "बाळ, पाळी कधी आली होती?"

"या खेपेला चुकलीय, डॉक्टर."

गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला होता, हो! नळी फुटली होती, पोटात रक्त साचत होतं! मामांनी स्वतःची गाडी काढली. मागच्या सीटवर रेवती, मांडीवर उज्ज्वलाचं डोकं. मोठ्या इस्पितळात नेल्या नेल्या ऑपरेशन झालं. वाचली! उद्यावर गेली असती, तर?

रेवती बाकावर बसून रडायला लागली. "मामा, हाच प्रश्न मी दरवेळी बरोबर सोडवलाय! पण त्यात पाळी चुकल्याचं लिहिलेलं असतं!"

मामा चिडले. चिडणारच! "अगं, तिथे लिहिणाऱ्याने आधीच विचारून ठेवलेलं असतं! इथे कोण विचारणार? तिचा नवरा?"

मग रेवतीने प्रश्नसंच फेकून दिला का? नाही! तोच पुन्हा उघडला. पण आता पर्याय तळहाताने झाकायची. प्रश्न मोठ्याने वाचायची, उत्तर स्वतः शोधायची. आणि चुकीचा पर्यायसुद्धा सोडायची नाही — हा कोणत्या रोग्याला बरोबर ठरला असता? पहिल्यांदा गुण धडाधड घसरले! आई घाबरली. मामा म्हणाले, "घसरू देत. आता अभ्यास चाललाय."

पास झाली, मंडळी. आज रोग्याचं बोलणं संपेपर्यंत ती पेन उचलत नाही.

हसलात ना त्या पोरीला? आता स्वतःकडे या! घरी म्हातारी आई म्हणते, "बाळा, जरा पाय—" आणि तुम्ही? "वय झालं आई, चालायचंच!" पाठ आहे उत्तर! बायको म्हणते, "अहो, मला—" की तुम्ही, "नंतर बघू!" पोरगं दाराशी येऊन उभं राहतं, तुमचं तयार — "अभ्यास कर!" अरे, त्याला काय विचारायचं होतं? कळलं कधी?

देवापुढे हात जोडा, जरूर जोडा. पण घरी जा, आईजवळ बसा, आणि विचारा, "आई, काय म्हणत होतीस?" — आणि मग गप्प बसा!