ल्हेख्वेधचा इवोर

हॅलो?… ल्हेख्वेध. बोला… कोण? अय्या, पाळकबाई! मला वाटलं, फुलवाला… नाही हो, झोपले नव्हते. हॅम कापतेय. उद्या इवोरचं दफन झालं की सगळं गाव चहाला इथंच येणार… मेन्ना आहे मदतीला, शेजारची… हो, दोन वाजता. इवोरला वेळेचं फार असायचं.

काय, उद्या वाचायचं ते म्हणून दाखवता?… बरं, म्हणा.

लेकवेल?… हे कुठं आलं?… आमच्या शेताचं नाव? अहो, आत्ता फोन उचलताना मी काय म्हटलं?… तेच की. ल्हेख्वेध.

नाही, नुसता 'ल' नाही… 'ह'पण नाही. जीभ 'ल'ला लावतो तिथंच ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा… गाल नाही फुगवायचे. राजहंस अंगावर येताना कसा फिसकारतो?… हां. तसं… आलं की! आता पुढचं… अरे देवा, आता पहिलं गेलं.

कुणी शिकवलं?… एल्विननं? अहो, तो उत्तरेकडचा. तीस वर्षं आमच्या चॅपलचा कारभार बघतोय, पण बोलणं अजून तिकडचंच… आणि पोस्टमन काय म्हणाला?… ल्हेख्वे?… तेही बरोबर आहे.

हो, पाटीवर 'ध' आहे. पण इकडं गिळतात तो… मी म्हणते. इवोर गिळायचा… आता त्यातलं खरं कुठलं म्हणजे… थांबा हं. ल्हेख्… ल्हे… मेन्ना, अगं आपण कसं म्हणतो गं?… ती म्हणते, विचारायला नको होतंस, आता तिलाही आठवेना. लग्न होऊन एक्केचाळीस वर्षं या घरात राहतेय मी! डोक्याचं पार भजं झालंय.

काय?… नाव गाळायचं? नुसतं 'इवोर जोन्स'?… नाही, नाही. अगं, ऐक ना… 'अगं' म्हटलं, राग नाही ना आला?… हां. ऐक. उद्या चॅपलमध्ये तीन इवोर जोन्स जिवंत बसलेले असतील. एक दुकानवाला, एक पुलाखालचा, एक पेटी वाजवणारा. लोकांनी रडायचं कुणासाठी?… हस, हस. पण इकडं माणूस शेताच्या नावानं ओळखतात, पोरी. आडनावाला कोण विचारतो.

त्याच्या भावाच्या वेळी असंच झालं. पाळक बाहेरचे. शेताचं नाव असं काही वाचलं की मागच्या बाकावरची पोरं खिदळली… इवोर? घरी येऊन बूट काढताना म्हणाला, "आज आपण दुसऱ्याच कुणाला तरी पुरून आलो"… हो ना. आणि गेल्या आठवड्यात, अंथरुणावर, मला म्हणाला, माझं तेवढं नीट म्हणवून घे. मी हो म्हटलं… आता काय करू, सांग.

अगं, तू कशाला रडतेस? येऊन सहा आठवडे झाले तुला, तुझा काय दोष… नाक पूस. म्हण परत… नाही… जवळ आलं… पुन्हा लांब गेलं… राजहंस, राजहंस…

मॉट, गप!… कुत्रा गं. मेन्नाला ऐकू यावं म्हणून फोन मोठ्यानं लावलाय, आणि याला वाटतंय घरात राजहंस घुसला… म्हणजे बरोबर येतंय तुझं!… कोणतं बरोबर?… ते नको विचारूस. आत्ताचं कसं होतं, ते मलाही सांगता येणार नाही.

बरं, असं कर. लहान मुलं चॅपलमध्ये बायबलचं वचन म्हणताना अडली की काय होतं, पाहिलंस ना?… हां, बाकांवरचे सगळे पुढचं म्हणतात. तू तसंच कर. 'इवोर जोन्स' म्हण आणि थांब… नुसती थांब. खोकू नकोस, कागद चाळू नकोस… म्हणतील, गं. कुणाला सांगावं लागत नाही. एल्विन शेवटचा 'ध' ठणकावेल, पोस्टमन गिळेल… होऊ दे गलका. त्या गलक्यात आमचा इवोर बरोबर सापडेल.

तूही म्हण त्यांच्यात. चुकलीस तरी कुणाला कळतंय.

मी?…

मघाशी फोन उचलताना म्हटलं ते सवयीनं, गं. घंटा वाजली की तोंडातून निघतं. उद्या त्याच्या नावाला जोडून म्हणायचं म्हणजे… नाही, माझ्यानं नाही व्हायचं. म्हणून तर सांगतेय, तू थांब. बाकीच्यांनी म्हणायला हवं…

हो… हो, दोन वाजता. ठेवते.