हँडब्रेक कुणी ओढला होता

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या पंचायतीच्या प्रधान यांगचेनताई. काझाहून एवढा खडखडाट सोसून वर आलेले डॉक्टरसाहेब. गोम्पातले आदरणीय लामाजी. समोर बसलेल्या माताभगिनींनो. शेगडीजवळच्या जागा सकाळीच पटकावून बसलेल्या वडीलधाऱ्यांनो. आणि ज्यांच्या खांद्यावर आज इतके खताक, मानाचे रेशमी शेले, पडले आहेत की मान दिसेनाशी झाली आहे, ते आपले ड्रायव्हर अंगदुई. सर्वांना माझा जुले.

मी पलझोर. सत्तावीस वर्षं याच शाळेत मास्तर होतो आणि निवृत्त झाल्यापासून आपल्या गाडी समितीचा अध्यक्ष आहे. अध्यक्ष म्हणजे काय, तर ज्याला गाडीतलं काही कळत नाही पण सही येते असा माणूस. पाच मिनिटं बोला, असं प्रधानताईंनी बजावलं आहे. मास्तरांची पाच मिनिटं किती असतात ते माझे विद्यार्थी जाणतात, तेव्हा त्यांनी आधीच सावरून बसावं.

अंगदुईंचं कौतुक करायचं म्हणजे त्या गाडीचं नाव घ्यावंच लागतं. बाहेर उभी आहे, ऐकू येतेच आहे तुम्हाला. सकाळपासून बंद केलेली नाही. तेवीस वर्षांची डिझेल पिकअप आहे. पत्रा गेला, रंग गेला, मागचं फळकूट दोरीनं बांधलेलं आहे. पण पिन खोऱ्यातून काझाच्या दवाखान्यात माणूस जिवंत पोहोचवायचा तर हिवाळ्यात हिच्याशिवाय आपल्याला आहे कोण?

आणि हिवाळ्यात ती सुरू करणं म्हणजे रुसलेल्या सुनेला माहेराहून आणण्याइतकं अवघड. हसू नका, यांगचेनताई, तुमच्यावर नाही बोललो. डिझेलचं मेण होतं, फिल्टर तुंबतो, बॅटरी मान टाकते. अंगदुई दिवस मावळायच्या आत बॅटरी काढून घरात नेत आणि शेगडीपाशी ठेवत. वहिनी आज नाहीत, पण त्यांचं बोलणं माझ्या कानात आहे. "मास्टरजी, या घरात ऊब बॅटरीला आणि दाराजवळची जागा मला!" सकाळी तेल भरायच्या आधी ते डिझेलमध्ये रॉकेल मिसळत. किती, ते त्यांनी कधी मापानं सांगितलं नाही. बाटलीत ओतून उन्हाकडे धरायचे आणि मान हलवायचे. फिल्टरला फडकी गुंडाळून त्यांवर गरम पाणी ओतायचं, जिवंत निखारा मात्र टाकीच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. मग किल्ली अर्धी फिरवून हीटर तापवायचा. घड्याळ बघून नाही. एकवीस वेळा मणी, म्हणजे 'ओम मणि पद्मे हुम', म्हणायचे, मग किल्ली पूर्ण. पारा फारच उतरला तर बेचाळीस. एकदा मी विचारलं, "अंगदुई, सेकंद का मोजत नाही?" म्हणाले, "मास्टर, सेकंद मोजताना माणूस घाई करतो."

शेवटचा नियम हँडब्रेकचा. ओढ्यातून आलेल्या गाडीचे ड्रम ओले असतात. ब्रेक ओढून ठेवला तर पहाटेपर्यंत ते आतल्या आत गोठतात आणि चाक जागचं हलत नाही. म्हणून जवाची मळणी संपली की आपल्या गावात हँडब्रेक कुणी ओढत नाही. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकाखाली धोंडा लावायचा. सवयीनंही कुणाचा हात जाऊ नये म्हणून अंगदुईंनी त्या दांड्याला खताक बांधून ठेवला होता. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मी हे सगळं का सांगतो आहे? डॉक्टरसाहेब पाहुणे आहेत, त्यांना कळावं म्हणून, असं म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर मी वेळ काढतो आहे. मास्तर लोकांना ते चांगलं जमतं.

गेल्या वर्षी याच महिन्यात आपण असाच समारंभ केला होता. याच खुर्चीत अंगदुई बसले होते आणि भाषणही मीच केलं होतं. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. रामपूरला मुलीकडे जायचं, कार्तिकात शस्त्रक्रिया, तारीख ठरलेली. जागेवर नवा माणूस आला होता, बिलासपूरचा रूपलाल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच अंगदुईंना खाली सोडायचं आणि बर्फ पडायच्या आत परत यायचं, असा बेत होता.

सकाळी गाडी हलेना. मागची दोन्ही चाकं गोठलेली. रूपलालनं घाबरून जोर लावला आणि क्लचची प्लेट जळाली. सगळं गाव गोळा झालं. दांडा ओढलेला होता, खताक सीटवर होता. रूपलाल हातापाया पडत होता, "मी नाही ओढला हो! आईशप्पथ नाही ओढला!" आपण कुणी ऐकलं? खालच्या मुलखातला माणूस, सवयीनं ओढला असणार, वर खोटं बोलतो. प्रधानताई, तुम्ही त्याला जे बोललात ते मी इथं बोलून दाखवत नाही, लामाजी बसले आहेत. तो तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या मजुरांबरोबर पायी गेला. अंगदुईंनी हातात दिवा धरून क्लच बसवला. तोवर बर्फ पडलं आणि अट्टरगूच्या पुलाकडचा रस्ता कोसळलेल्या कड्याखाली गाडला गेला.

पुढे दोनदा रस्ता मोकळा झाला. पण गाडी चालवायला दुसरं कोण होतं? दोन्ही वेळा अंगदुई आजारी माणसं घेऊन काझाला गेले आणि परत आले. मीच त्यांच्या दारात जाऊन म्हणालो होतो, "एवढा एक हिवाळा, अंगदुई." ते म्हणाले, "ठीक आहे, मास्टर." वैशाखात ते रामपूरला पोहोचले, तेव्हा डावा डोळा गेला होता. डॉक्टरसाहेब, तुम्हीच मला समजावून सांगितलंत की गेलेली नजर काचबिंदूत परत येत नाही. उजव्यापुरतं निभावलं. आता परवाना नाही, म्हणून आजचा निरोप खरा.

तो हँडब्रेक मी ओढला होता.

बसा. कृपा करून बसा, प्रधानताई. माझं पुरं होऊ द्या.

आदल्या दिवशी संध्याकाळी रूपलाल गाडी ओढ्यातून घेऊन आला आणि चहाला गेला. जाताना त्यानं मला विचारलं, "मास्टरजी, इथं रेडिएटरला पाणी कुठलं घालतात? बर्फ वितळवून चालेल?" एवढंच विचारलं त्या बिचाऱ्यानं. इथं नुसतं पाणी घातलं तर ते रात्रीत गोठून इंजिन फुटतं. समोर छुकित बसली आहे, माझी बायको. तिच्या दम्याचं तुम्हाला माहीत आहे. त्याच्या आदल्या पौषात तिचे ओठ निळे पडले होते आणि अंगदुईंनी उणे चोवीसमध्ये, भर दुपारी, तिसऱ्या प्रयत्नात ही गाडी सुरू करून तिला काझाला पोहोचवलं होतं. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि पुढं ते मणी मोजत होते. पाणी घालू का, असं विचारणाऱ्या माणसाच्या भरवशावर मी पुढचा हिवाळा कसा काढणार होतो? मला आत कोंडल्यासारखं झालं. खोऱ्याला एकच रस्ता, एकच गाडी, आणि ती सुरू करणारा एकच माणूस. तोच उद्या निघून जाणार होता.

मी गाडीत चढलो. खताकाची गाठ सोडली, दांडा ओढला. खताक खाली टाकवेना, म्हणून चौघडी घालून सीटवर ठेवला. दोन दिवस गाडी अडेल, रूपलालची फजिती होईल, समिती त्याला परत पाठवेल, एवढाच माझा हिशेब होता. डोळ्याचा विचार मी केला नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. केला होता. महिनाभरानं काय बिघडतंय, असं म्हणून तो बाजूला ठेवला.

अंगदुईंनी एकदाच विचारलं होतं. क्लच बसवताना, गाडीखालून. "मास्टर, घाबरलेला ड्रायव्हर खताकाची घडी कशाला घालील?" मी म्हणालो, "चहा आणतो." आणि चहा आणायला गेलो.

छुकित, तू हे आत्ता पहिल्यांदा ऐकते आहेस. घरी गेल्यावर जे बोलायचं ते बोल.

मग आजच का सांगतो? यंदा नवा ड्रायव्हर शोधायचा होता, तेव्हा अंगदुई म्हणाले, "रूपलालला बोलवा. ज्यानं एकदा क्लच जाळला तो पुन्हा जाळणार नाही." त्यांनी महिनाभर शेजारी बसून त्याला सगळं शिकवलं. आज पहाटे गाडी त्यानं एकट्यानं सुरू केली, तुम्ही पाहिलंत. पण काल संध्याकाळी तो माझ्याकडे आला होता. हात जोडून म्हणाला, "मास्टरजी, वर्षभर विचार करतोय. मीच ओढला असेन. सवयीनं हात गेला असेल, मला आठवत नाही. अंगदुईजींचा डोळा माझ्यामुळे गेला. त्यांना सांगायची हिंमत नाही, तुम्ही माझ्या वतीनं माफी मागा."

निरपराध माणूस माझ्या दारात माझ्याच पापाची माफी मागत होता आणि मी त्याला "बस, चहा घे" म्हणालो. काल मला कळलं की गेलं वर्षभर या खोऱ्यात खरा अडकलेला कोण होता.

रूपलाल, मागं भिंतीला टेकून उभा आहेस ना? तू ओढला नव्हतास. तुला बरोबर आठवत होतं. हे मी सगळ्या गावासमोर सांगतो आहे, कारण चोर तुला सगळ्या गावासमोर ठरवलं होतं.

अध्यक्ष महोदया, समितीवरून मला आजच मोकळं करावं. डॉक्टरसाहेब, आपण आलात, आपले आभार. लामाजींचे आभार. ज्या घरांतून आज थुकपा आणि टिमो रांधून आले त्या सर्वांचे आभार. भाषण लांबलं, उखाळ्यापाखाळ्या निघाल्या, मानपानात कुणाचं नाव मागंपुढं झालं असेल, तर सभेनं ते मोठ्या मनानं विसरावं. बाकीचं विसरू नये.

अंगदुई, तुझ्याकडे मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, मला ठाऊक आहे, आणि मग मी सुटेन. या व्यासपीठाला पायऱ्या आहेत त्या तुझ्या डाव्या हाताला. त्या तुला दिसत नाहीत, मघाशी चढताना तू दोनदा चाचपडलास. खाली उतरताना धरायला मी येऊ, की रूपलालला बोलावू? तू सांगशील तसं. तोवर मी इथंच उभा आहे.