पहिला दाब

बायको : आरसा. सहा खुर्च्या. काही नाही. सासूबाई आणि त्यांची गादी. परत काही नाही. शाळेची बाकं.

मिस्त्री : हे काय वाचताय, वहिनी?

बायको : ज्या ज्या सकाळी ब्रेक लागला नाही, त्या त्या सकाळी पिकअपमध्ये काय होतं, ते. तारखेसकट आहे.

मालक : गाडी नऊ आठवड्यांची आहे आणि वही आठ. आता कळलं ना, मी घरी काय ऐकतो ते?

मिस्त्री : सासूबाई मागे बसल्या होत्या?

बायको : पुढे, माझ्या शेजारी. तेव्हापासून त्या बसनं येतात.

मिस्त्री : म्हणजे भरलेली असली तरी होतं, रिकामी असली तरी होतं. वजनाचा संबंध नाही.

मालक : मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय. पाय ठेवला की पॅडल लोण्यात सुरी जावी तसं खाली. दुसऱ्यांदा दाबलं की लागतो ब्रेक. तोवर जे समोर असेल त्याचं नशीब.

मिस्त्री : दोनदा वर्कशॉपला आणलीत. दोन्ही वेळा मी स्वतः चालवली. कॉम्प्युटरला जोडून पाहिली. काही निघालं नाही.

बायको : आणि कागदावर काय लिहिलंत?

मिस्त्री : 'दोष आढळला नाही.'

बायको : त्याच्या खाली?

मिस्त्री : 'चालकाची सवय.' ते साहेबांनी लिहिलं, वहिनी. सही माझी आहे, हे खरं.

मालक : बावीस वर्षं चालवतोय. सवय नेमकी याच गाडीत लागली. जाऊ दे, तिसरा कागद द्या आणि गाडी सोडा. उद्या सकाळी दोन कपाटं पोचवायचीत.

बायको : किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. तिथंच राहील.

मालक : अगं, लोकांना शब्द दिलाय मी.

बायको : द्या ना शब्द. शब्दाला चाकं नसतात.

मिस्त्री : एक विचारू? ही शेजारच्या सीटखालची मॅट. दोन महिन्यांत भोक कसं पडलं?

बायको : तिथं माझा ब्रेक आहे.

मालक : रोज शेजारी बसते आणि टाच रोवते. हिच्या टाचेनं गाडी थांबणार आहे जशी.

बायको : नाही थांबणार. पण घरी बसून फोन कधी वाजतो याची वाट बघण्यापेक्षा बरं.

मिस्त्री : वेळ लिहिलीय वहीत?

बायको : सकाळी सात. दर वेळी. आणि जागा एकच. आमच्या गल्लीच्या टोकाला, वळणावर. तिथं बालवाडीचं फाटक आहे.

मिस्त्री : बालवाडीचं.

बायको : साडेसातला उघडतं. आधी आम्ही आठला निघायचो. वही सुरू केली तेव्हापासून सातला निघतो.

मिस्त्री : म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावरचा पहिला दाब. पण मागच्या दोन्ही वेळा इथंही गाडी रात्रभर उभी होती. सकाळी पहिला पाय माझाच. पॅडल दगडासारखं.

मालक : झालं तर. पायच बदलून घेतो मी.

मिस्त्री : थांबा हो जरा. घरी गाडी लावता कशी?

मालक : कशी म्हणजे? दारात. आमचं घर चढावर आहे. तोंड खाली करून लावतो, सकाळी सरळ निघता येतं.

मिस्त्री : आणि इथली फरशी सपाट.

मालक : मग?

मिस्त्री : बाहेर फाटकाशी रॅम्प आहे. तिथं तोंड खाली करून लावतो. चारही चाकांना लाकडी ठोकळे. तीन तास पॅडलला कोणी पाय लावायचा नाही. वहिनी, किल्ली द्या.

बायको : परत मलाच द्यायची. यांना नाही.

(तीन तासांनंतर. पिकअप रॅम्पवर. मिस्त्री आत बसलेला, नवराबायको खाली उभी.)

बायको : अहो, गाडीसमोरून बाजूला व्हा.

मालक : ठोकळे आहेत की.

बायको : व्हा म्हणते ना.

मिस्त्री : दाबतोय.

मालक : हं. काय झालं?

बायको : मिस्त्री?

मालक : लागला का ब्रेक?

मिस्त्री : गेलं. पार तळाला. पायाखाली काही नाहीच.

बायको : परत दाबा.

मिस्त्री : आता कडक. अगदी नव्यासारखं.

बायको : तुम्ही हसताय?

मालक : हसत नाही. कपाटवाल्यांना फोन लावतोय. उद्या येत नाही म्हणून.

मिस्त्री : नळीत कुठंतरी हवा राहिलीय, असं दिसतंय. गाडी तोंड खाली करून उभी राहिली की ती सरकते आणि पहिला दाब त्या हवेवरच जातो. सपाटीवर ती जागची हलत नाही. आणि आम्ही प्रत्येक गाडी सपाटीवर तपासतो.

बायको : प्रत्येक म्हणजे? अशा अजून आल्यात?

मिस्त्री : चार. हेच मॉडेल, हीच तक्रार. चौघांनाही हाच कागद दिलाय.

मालक : तुमच्या सहीचा.

मिस्त्री : माझ्या सहीचा.

बायको : मग फोन लावा त्यांना. आम्ही थांबतो इथं.

मिस्त्री : हॅलो. वर्कशॉपमधून बोलतोय. गाडी कुठंय? उभी आहे ना? हलवू नका. नाही, चार पावलंसुद्धा नाही. आम्ही येऊन नेतो.

मालक : एक झाला.

मिस्त्री : आणखी दोघांनाही सांगून झालं. हा चौथा उचलत नाहीये. मघाशीही वाजून वाजून बंद झाला.

बायको : कोण आहे?

मिस्त्री : दूधवाला. दोनदा येऊन गेला, मग आलाच नाही. रजिस्टरात 'ग्राहक समाधानी' लिहिलंय.

मालक : समाधानी आहे, हे त्याला कोणी विचारलं?

मिस्त्री : कोणी नाही. महिनाभर माणूस फिरकला नाही की तसं लिहायची पद्धत आहे.

बायको : वाजतोय का अजून?

मिस्त्री : वाजतोय.

बायको : पत्ता असेल ना त्याचा. चला, जाऊ आपण.

मालक : मिस्त्री, रजिस्टर द्या, पत्ता मी बघतो.

मिस्त्री : पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं गाडी याच रॅम्पवर लावली होती, तोंड खाली करून. मीच म्हणालो, वाट अडवू नका, आत सपाटीवर घ्या.