एक्केचाळीस जीबी मोकळे

नाही नाही काका, उठू नका, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या. पत्र देते म्हटलंय ना, देते. आणि त्या घरघरीकडे लक्ष देऊ नका, भिंतीपलीकडे डायलिसिसचं पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, दिवसभर चालू — मला तर आता ऐकूही येत नाही. हां, तर काय म्हणाले ते मोठ्या हॉस्पिटलवाले? मागच्या चार वर्षांच्या नोंदी नसतील तर का नाहीत ते लेखी आणा. बरोबरच आहे त्यांचं. किडनी बदलायची तर बघणारच ना — काकूंचं वजन दर वेळी किती उतरलं, मशीनवर असताना बीपी कुठे गेलं. आणि परवा किडनी बदलायला परवानगी देणाऱ्या समितीची बैठक, हो, तुम्ही दोनदा सांगितलंत. किडनी देणार काकूंची सख्खी बहीण, तेही सांगितलंत. ऐकतेय मी.

फक्त एक करा — आपल्या हेड सिस्टरांना काही बोलू नका. सगळ्या पेशंटना गेलेल्या पहिल्या पत्रात आहे तसं, 'कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे', माहितीये मला, ते पत्र मीच टाइप केलं. पण तुम्ही तोंडानं म्हणू नका हो. का म्हणजे? का म्हणजे... सांगते. कुणाला तरी सांगायलाच हवं, अकरा दिवस झाले.

हे बघा, या एका सर्व्हरवर आपलं सगळं सेंटर चालतं — नंबर लावणं, औषधांचा साठा, बिलं, ड्युट्या आणि मशीनवरच्या नोंदी. पाच प्रोग्रॅम. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या बंद डब्यात, कंटेनर म्हणतो आम्ही. कशासाठी? एकाला झालं ते दुसऱ्याला लागू नये म्हणून. डबा बिघडला की टाकून द्यायचा, तसाच नवा उघडायचा, दोन मिनिटांचं काम. खरा माल, म्हणजे तुमच्या नोंदी, त्या डब्यात नसतातच, त्या बाजूच्या कोठीत. आणि माऊस-बिऊस काही नाही, काळ्या पडद्यावर कमांड लिहायची, एंटर मारायचं, झालं. सहा वर्षं करतेय मी हे. हात आपोआप चालतात — तिथंच घात झाला.

त्या मंगळवारी सकाळची पाळी सुरू झालेली, बारा माणसं मशीनवर, आणि इकडे डिस्क भरली, अगदी काठोकाठ. लिहायला जागाच नाही म्हटल्यावर नोंदींचा डबा आपला आपण बंद पडला. मला कुठे ठाऊक? मी आधी डब्यांची यादी मागवली, म्हटलं सगळं ठीक आहे ना बघू. आता यादीची कमांड नुसती दिली ना, तर चालू असलेलेच डबे दिसतात. बंद पडलेलेही बघायचे तर पुढे एक डॅश आणि एक अक्षर लावायचं. एक अक्षर, काका! नाही लावलं. चार दिसले, चारही चालू. पाचवा कुठाय? मोजलेच नाहीत मी, घाई, घाई. वापरात नसलेलं सगळं झाडून टाक म्हणून सांगितलं, कोठ्यांसकट. आणि ज्या कोठीचा डबा बंद, ती कोठी त्याच्या लेखी बेवारस, म्हणजे तीही झाडायची. विचारलं हो त्यानं, नाही असं नाही — नक्की करू ना? 'हो'ला एक बटण. दाबलं. एक्केचाळीस जीबी मोकळे झाले असं पडद्यावर आलं, आणि मी — मी टेबलावर थाप मारली आनंदानं. चहा सांगितला!

बॅकअप? सगळे तेच विचारतात. होता ना. रोज पहाटे व्हायचा, हिरवी खूण यायची. दीड वर्षापूर्वी ती कोठी मी दुसरीकडे हलवली, आणि बॅकअपला नवी जागा सांगायची राहून गेली. दीड वर्ष बिचारा इमानेइतबारे काहीच उचलून ठेवत नव्हता, आणि त्याआधीच्या प्रती महिनाभरानं आपोआप पुसल्या जातात. मी एकदाही उघडून बघितलं नाही. एकदाही.

मग आपल्या सेंटरचे मोठे डॉक्टर दारात. 'काय झालं?' म्हटलं, वीज तुटली सर्व्हरची, अचानक, त्यात नोंदी गेल्या. 'अचानक कशी?' — आणि माझी नजर गेली तिथे, त्या कोपऱ्यातल्या प्लगकडे. हेड सिस्टर तिथे बीपीचं मशीन चार्जिंगला लावतात ना. म्हटलं, कुणाच्या हातून वायर ओढली गेली असेल. नाव नाही घेतलं मी! शपथेवर सांगते, नाव नाही घेतलं. ...घ्यायची गरजच काय होती? या खोलीत माझ्याशिवाय त्याच तेवढ्या येतात!

सव्वीस वर्षं नोकरी झाली त्यांची. मला इथे त्यांनीच चिकटवली, आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. माझी आई शेवटी शेवटी इथेच होती, सहा नंबरच्या बेडवर. तिची शीर कुणाला सापडायची नाही, सिस्टरांनाच सापडायची. काकूंचीही? बघा. आता चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय त्यांना. रविवारी जिन्यात गाठ पडली. मनात म्हटलं, आता कानाखाली वाजवतील — वाजवली असती तर बरं झालं असतं. तर माझा हात धरून म्हणतात, 'पोरी, आठवून आठवून डोकं शिणलं बघ. माझ्याच हातून ओढली गेली असणार वायर, वय झालं. तुझ्यावर काही आलं नाही ना गं?' तुझ्यावर काही आलं नाही ना! आणि मी काय म्हटलं? 'नाही सिस्टर' म्हटलं. आणि जिना चढून वर गेले.

असं बघू नका हो. ओरडा हवं तर. नोंदी? नाही येणार, काका. डिस्क दुरुस्तीला दिलीय म्हणून सगळ्यांना सांगितलं ना मी, कुठेही दिलेली नाही. त्या कपाटात पडलीय. तीन दिवस मीच उकरून बघितलं, हाती काही लागलं नाही. हे घ्या, हे मात्र खरं आहे — रक्त तपासतात त्या लॅबकडे रक्तासोबत पाठवलेले जुने कागद असतात, वजन-बीपी लिहिलेले, रोज दुपारी जाऊन चाळतेय. काकूंचे एकोणीस महिने जमलेत. अठ्ठेचाळीसपैकी एकोणीस. अजून बासष्ट पेशंट आहेत, त्यांचं अजून हातातही घेतलेलं नाही.

थांबा, पत्र. लिहितेच आता. 'तांत्रिक बिघाडामुळे' — नको, खोडते. 'चुकीची कमांड दिली गेल्यामुळे' — दिली गेली म्हणे! कुणी दिली? ...'सदर नोंदी मी, या केंद्राची संगणक व्यवस्थापक, माझ्या हातानं पुसल्या. हेड सिस्टरांचा याच्याशी काहीही संबंध नाही.' बरोबर आहे ना? 'काहीही'खाली रेघ मारते.

घ्या, आत्ताच छापलाय, कागद गरम आहे अजून. माझी सही केलीय, पण शिक्का आणि सही मोठ्या डॉक्टरांची लागते, त्याशिवाय समिती घेणार नाही. ती समोरची केबिन. वाचतील की, वाचल्याशिवाय सही करत नाहीत ते. तुम्ही काही बोलू नका, नुसतं पुढ्यात ठेवा. मी? मी नाही येत. इथेच बसते, हाक मारतील तेव्हा जाईन.

जा ना काका. हात का पुढे करताय, नका देऊ परत. माझं मन फिरायच्या आत निघा.