फॉल न लावलेल्या साड्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे व्यवस्थापक माननीय कुलथे साहेब, व्यासपीठावर उपस्थित असलेले युनियनचे सेक्रेटरी श्रीयुत राज खैरनार, आजच्या सत्कारमूर्ती, स्टोअर विभागाच्या आणि आम्हा सर्वांच्या उज्वलाताई, त्यांचे यजमान भारतराव, कन्या दिशा, दोन्हीकडची पाहुणे मंडळी, आणि पहिल्या पाळीतून सुटून हातपाय धुऊन थेट या सभागृहात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी शकीला, टाइम ऑफिसची. तुमच्या उशिराच्या नोंदी मीच करते, त्यामुळे माझं नाव सांगितल्यावर टाळ्या पडणार नाहीत हे मी धरून चालले होते. एकाने वाजवली, तो बहुतेक नवीन असावा.

खैरनार साहेबांनी आत्ता उज्वलाताईंच्या प्रामाणिकपणावर बोलून घेतलं. कुलथे साहेब शिस्तीवर बोलणार आहेत. मग माझ्या वाट्याला काय उरलं? उरलं ते, जे आपण सगळे मोबाइलवर बघतो आणि साहेबांसमोर बघत नाही असं दाखवतो. निवृत्तीच्या वयाला आलेली आपली स्टोअरकीपर लाखावर लोकांची फॅशन इन्फ्लुएन्सर कशी झाली, ते मी सांगणार. कारण ते सगळे व्हिडिओ मी काढलेले आहेत. कॅमेऱ्यामागच्या माणसाचं नाव आजपर्यंत कुणी घेतलेलं नाही, म्हणून ते मीच घेते आहे.

सुरुवात झाली खंडेनवमीला. त्या दिवशी आपल्याकडे यंत्रांची पूजा असते, लेथला झेंडूचे हार घालतो, आणि नवरात्राचा त्या दिवसाचा जो रंग असेल त्या रंगाची साडी बायका नेसून येतात. त्या वर्षी रंग आला राखाडी. आता राखाडी साडी हौसेनं कोण घेतं? उज्वलाताईंनी शेवटी कपाटाच्या वरच्या कप्प्यात हात घातला. पुरुष मंडळींना हा कप्पा माहीत नसेल. घरोघरी तो असतो. त्यात द्यायच्या-घ्यायच्या साड्या असतात. लग्नात, डोहाळजेवणात, वास्तुशांतीत आहेर म्हणून आलेल्या, आणि पुढच्या लग्नात आहेर म्हणून जाणाऱ्या. त्या कुणी नेसायच्या नसतात. त्यांना फॉल लावत नाहीत. फॉल म्हणजे साडीच्या खालच्या काठाला आतून शिवतात ती पट्टी. ती लावली की साडी आपली झाली, मग कुणाला देता येत नाही. म्हणून बिनफॉलच्या साड्या या घरातून त्या घरात जात राहतात. हसू नका, आमच्यातही हेच आहे. ईदला आलेलं सुटाचं एक कापड माझ्या माहितीत तीन खालांकडे, म्हणजे मावश्यांकडे, फिरून आलेलं आहे. आणि साहेब, माफ करा, पण आज दिलेल्या शालीबद्दल मी काहीच बोलत नाही.

तर ती राखाडी साडी ताई नेसल्या. मॅचिंग ब्लाउज नव्हता, म्हणून भारतरावांचा चौकटीचा शर्ट बाह्या दुमडून घातला. आणि शॉपवर सेफ्टी शूजशिवाय पाऊल टाकायचं नाही हा नियम, म्हणून पायात लोखंडी टोपीचे काळे बूट. अशा त्या हार घातलेल्या लेथशेजारी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "ताई, हलू नका." त्या म्हणाल्या, "अगं, ही नंदुरबारच्या चुलतसासूबाईंनी दिशाच्या बारशाला दिलेली. बिचारी किती वर्षं पिशवीतच होती, आज बाहेर आली." मी तो व्हिडिओ तसाच्या तसा टाकला.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मुली विचारत होत्या, "ताई, बूट कुठले?" मी उत्तर दिलं, "स्टोअरमधून, सही करून मिळतात."

मग आठवड्याला एक साडी सुरू झाली. कधी भारतरावांचा शर्ट, कधी दिशाचं जॅकेट, कधी पदराचाच कोट. भारतरावांना मात्र कपाटात शर्ट सापडेनासे झाले. ते आज नवीन शर्टात आले आहेत, तेवढ्यासाठीच आले असावेत. इतर फॅशनवाल्या मुली कपडा दाखवून कंपनीचं नाव सांगतात. उज्वलाताई नातेवाइकाचं सांगत. "ही अमक्यांनी दिली, तमक्या कार्यात दिली, त्यांचे आभार." किती साधी गोष्ट! कुलथे साहेबांनी एकदा बोलावून समजही दिली होती, की मशीन दिसता कामा नये. ती समज आम्ही पाळली. पुढे कुलथे वहिनींनीच ताईंना मेसेज करून विचारलं, की पदराचा कोट कसा करतात. साहेब, तुम्हाला हे माहीत नसेल, तर आत्ता कळलं.

आता खरी गोष्ट. ताईंचं माहेर विंचूरचं. धाकटा भाऊ गोटीराम, त्याची बायको दीपमाला. गेल्या भाऊबीजेला दीपमालाबाईंनी ताईंना एक साडी दिली. रंग मला सांगता येणार नाही. दुकानदाराला तो पोपटी वाटला असावा, कारखानदाराला निळा, आणि दोघांनीही आग्रह सोडला नसावा. ताई तीही नेसल्या, आणि कॅमेऱ्यात अगदी मनापासून म्हणाल्या, "ही माझ्या भावजयीनं, दीपमालानं, स्वतः दुकानात जाऊन माझ्यासाठी पसंत केली."

जेवणाच्या सुट्टीत पहिली कमेंट आली. सटाण्याहून, दीपमालाबाईंच्या मावसबहिणीची. "ओ माय, हाई साडी तं मनी शे!" तिच्याखाली लगेच सिन्नरची एक बाई. "तुमची कशी? मी दिली होती तुम्हाला घरभरणीला." तिच्याखाली निफाडची. "आणि सिन्नरला कुणी दिली, ते मी सांगू का?" सगळा कारखाना डबे उघडे ठेवून मोबाइलला चिकटला होता. तुम्हाला वाटत असेल, फिरत फिरत ती शेवटी उज्वलाताईंचीच निघाली. नाही. इतकं सोपं नसतं. ती मुळात कुणी विकत घेतली याचा पत्ता अजूनही लागलेला नाही. माझा तर संशय आहे, ती कुणी विकत घेतलेलीच नाही.

आपण हसलो. विंचूरला कुणी हसलं नाही. दीपमालाबाईंची साऱ्या नातेवाइकांत शोभा झाली होती. त्यांनी ताईंचा फोन उचलणं बंद केलं. आणि इकडे दिशाचं लग्न ठरलेलं. मुलीला मंडपात आणायला मामा लागतो, आणि मामाबरोबर मामी लागते. गोटीरामभाऊंचा निरोप आला, "ताई, म्या येतो. पण ती नाय म्हणती." मामा एकटा आला, तर मंडपात प्रत्येक जण काय विचारणार? मामी कुठे आहे? आणि उत्तर तर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे!

ताईंनी व्हिडिओ थांबवले. स्टोअरच्या खिडकीत बसून बोल्ट मोजताना त्यांचे डोळे भरायचे, हे मी पाहिलं आहे. म्हणाल्या, "शकीला, मी हौस केली आणि लेकीच्या लग्नातून तिची मामी घालवली." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि रागही आला. राग कुणाचा, हे ठरेना, म्हणून त्या दिवशी गेटवर कुणाचंच ऐकून घेतलं नाही. ज्यांचा अर्धा दिवस कापला गेला, त्यांना आता कारण कळलं असेल.

रविवारी आम्ही दोघी विंचूरला गेलो. व्हिडिओ माझ्या हातून गेला होता, मी नको का जायला? दीपमालाबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. मला म्हणाल्या, "या, बसा." ताईंकडे पाहिलंसुद्धा नाही. चहा टाकला आणि आतून विचारलं, "शकीलाबाई, ताईंना विचारा, साखर किती घालू?" ताई माझ्या शेजारीच, हाताच्या अंतरावर. मी विचारलं. ताई मला म्हणाल्या, "अर्धा चमचा सांग." मी सांगितलं. असा अर्धा तास मी दोन्ही बाजूंची टपालसेवा केली.

शेवटी ताईच उठून स्वयंपाकघरात गेल्या. म्हणाल्या, "दीपमाला, चुकलं माझं. तो व्हिडिओ काढून टाकते. सगळंच बंद करते. पण दिशाच्या लग्नाला ये."

दीपमालाबाई वळल्या. "काढू नका. काढला तर लोक म्हणतील, हिनंच काढायला लावला." आणि मग त्या जे बोलल्या, ते मी त्यांच्या परवानगीनं सांगते आहे. परवानगी मागितली तेव्हा म्हणाल्या, "सांगा की. सांगायचं राह्यलंय काय आता?"

त्या म्हणाल्या, "ताई, म्या मला आलेली साडी तुम्हाला दिली, खरं हाय. पण मला तरी दुसरी कोणती येती? लग्न होऊन या घरात आले तवापासून साड्या लय आल्या. एकीनंसुद्धा विचारलं नाय, दीपमाला, तुला रंग कोणता आवडतो. घरातले बाजाराला जातात, तवा कांद्याचा भाव चार जणांना विचारतात. मला कुणी नाय विचारलं. आणि तुम्ही तरी, ताई? लेकाच्या मुंजीत मला दिली ती तुम्ही कुठून काढली व्हती? वरच्या कप्प्यातूनच ना?"

मी चहाच्या कपात पाहत बसले. मीही माझ्या भावजयांना काय काय दिलं आहे, ते मला आठवायला लागलं होतं, आणि तो विषय आज इथे नाही.

ताईंनीच विचारलं, "मग सांग ना. कोणता रंग आवडतो तुला?"

आता उत्तर यायला पाहिजे की नाही? तक्रारच ती होती. पण दीपमालाबाईंनी पदर बोटाला गुंडाळला, सोडला. मग अगदी हळू म्हणाल्या, "थांबा, ताई. आठवून सांगते." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा ताईंनी त्यांना जवळ घेतलं. मी मोबाइल बाहेर काढला नाही. मी काढलेल्या सगळ्या व्हिडिओंत मला तोच सर्वांत चांगला वाटतो, जो मी काढला नाही.

पण मामी येणार की नाही, ते त्या दिवशी ठरलं नाहीच. आम्ही परत आलो. चार-पाच दिवसांनी, ऐन पाळी सुटायच्या वेळी, टाइम ऑफिसचा फोन वाजला. "शकीलाबाई, ताईंना सांगा, जांभळा." मी म्हटलं, "बरं." फोन ठेवणार, तेवढ्यात पुन्हा, "वांग्याचा नाय हां. जांभळाचा." मी खुर्चीतून उठून धावत स्टोअरकडे गेले. ज्यांनी मला पंधरा वर्षांत चालतानासुद्धा पाहिलं नव्हतं, त्यांना वाटलं आग लागली.

मग दीपमालाबाईंना बोलावून आम्ही तिघी साडीसाठी मेन रोडला गेलो. मंडळी, मी अनेक तपासण्या पाहिल्या आहेत. बाहेरून ऑडिटवाले येतात तेव्हा आपली काय अवस्था होते, ते तुम्हाला माहीत आहे. पण दीपमालाबाईंनी त्या दुकानात जी तपासणी केली, तशी मी पाहिली नाही. दुकानदारानं शंभर घड्या उलगडल्या. हा वांग्याचा, हा शाईचा, हा कोकमाचा. साडी दारापाशी उन्हात नेऊन बघायची, परत आणायची. उज्वलाताई, लाख लोकांना फॅशन शिकवणाऱ्या, एकदा म्हणाल्या, "ही तुला छान दिसेल." त्यावर उत्तर मिळालं, "ताई, तुम्ही गप बसा." आणि ताई गप बसल्या. मुकाट्यानं ऐकून घेताना उज्वलाताईंना मी तेव्हाच पाहिलं.

संध्याकाळी एका घडीवर दीपमालाबाईंचा हात थांबला. भाव विचारला नाही, काठ पाहिला नाही. नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या. दुकानातच फॉल-पिको करून घेतलं, शिवणाऱ्या माणसासमोर स्टूल टाकून शेवटचा टाका पडेपर्यंत बसल्या. परत निघताना ताईंना म्हणाल्या, "ताई, दिशाला मंडपात आणताना मी मामाच्या उजव्या हाताला उभी राहीन. व्हिडिओत नीट दिसली पायजे."

लग्न येत्या गुरुवारी आहे. आपणा सर्वांना आमंत्रण आहे, आणि त्या दिवशीच्या उशिराच्या नोंदी मी करणार नाही, साहेबांच्या परवानगीनं. साहेबांनी मान हलवली, हे सर्वांनी पाहिलं.

उज्वलाताई, उद्यापासून स्टोअरच्या खिडकीत तुम्ही नसाल. माझा डबा अर्धा उरेल. तुमचे व्हिडिओ चालू राहतील, आणि ते मीच काढीन, दुसऱ्या कुणाला मोबाइल दिलात तर बघा. तुम्ही मला शेजारी बसवून घेतलंत, माझ्यावर हसलात, मला हसवलंत. मला तुमची फार आठवण येईल. आणखी काय सांगू?

अध्यक्ष महोदयांनी आणि आपण सर्वांनी एवढा वेळ शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा कप्पा उघडला गेला असेल, कुणाचा मान दुखावला असेल, तर पदरात घ्या आणि मला माफ करा. खाली बसण्यापूर्वी एकच. समोर दुसऱ्या रांगेत जांभळ्या साडीत बसल्या आहेत त्या दीपमालाबाई. मघाशी दारात मी त्यांना म्हटलं, "अहो, ही तर लग्नासाठी घेतली होती. गुरुवारपर्यंत ठेवायची नाही का?"

त्या म्हणाल्या, "बाई, ठेवून ठेवून म्हातारी झाले मी."