दोनच सीटांची पिवळी गाडी

...आणि वर मलाच म्हणतो, ‘गाडी तुझी, निर्णय तुझा!’ ऐकलंत? घरात भाजी कुठली करायची हा निर्णय माझा नाही, लेकीचे, श्रुतीचे केस कधी कापायचे हा माझा नाही, बाहेरच्या खोलीतल्या पडद्यांचा रंग तर नणंदेने व्हिडिओ कॉलवरून ठरवला, तेव्हा कुणाला आठवलं नाही की निर्णय नावाची वस्तू मलाही उचलता येते! आणि नेमकं ज्या एका बाबतीत मला दुसऱ्या कुणीतरी ठरवून द्यायला हवं होतं, म्हणजे उद्या पस्तावले तर निदान कुणाच्या तरी नावाने बोटं मोडता आली असती, तिथे माझा नवरा, शिवकुमार, चहात बिस्कीट बुडवत, माझ्याकडे न बघता, अगदी उदार चेहरा करून म्हणतो, ‘गाडी तुझी, निर्णय तुझा.’ आणि तेवढ्यात ते बिस्कीट तुटून चहात पडलं, तर त्याचं मात्र केवढं दुःख!

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कुठल्या गाडीबद्दल बोलतेय. स्पोर्ट्स कार. हो, कोल्हापुरात. हो, माझी! असे बघू नका हो, सगळे असेच बघतात. लग्नाआधी मी वारणानगरला कॉलेजात शिकवायची, त्या पगारातून साठवून साठवून पुण्यातल्या एका माणसाकडून जुनी घेतलेली. पिवळी. दोन दारं, दोन सीटा, मागे फक्त एक पिशवी मावेल एवढी जागा, तीही पिशवीत कोथिंबीर असेल तर. आणि उंची इतकी कमी की सिग्नलला थांबलं की रस्त्यावरचं कुत्रं आपल्या डोळ्यांत डोळे घालून बघतं. तेव्हा मी एकटी होते, बारीक होते, आणि स्पीडब्रेकर हे दुसऱ्यांसाठी असतात असं मला वाटायचं. आता ती पंधरा वर्षांची होत आली. गाडी हो! तिचं पासिंग संपायला आलंय. म्हणजे एक तर खर्च करून, ठाकठीक करून पुन्हा पास करून घ्या, नाहीतर विका आणि चार दारांची, उंच, पांढरी, घरंदाज गाडी आणा. प्रश्न एवढाच. ठेवायची का बदलायची? पण तुम्हाला सांगते, एवढ्याशा प्रश्नाने माझी झोप उडवली... आणि हा म्हणतो, निर्णय तुझा!

बरं, बाकीच्यांची मतं नाहीत असं समजू नका. सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘अय्य सौंदर्या, ह्यात बसायचं असतंय का निजायचं?’ एकदा दाताच्या डॉक्टरकडे नेलं त्यांना. बसल्या आरामात. उतरायची वेळ आली तेव्हा मी बाहेरून ओढतेय, दवाखान्याचा वॉचमन दार धरून उभा, अव्वा आतून ‘अय्यो शिवने, अय्यो शिवने’ करतायत, आणि दात राहिला बाजूला, डॉक्टर खाली येऊन कंबर कुठे लचकली ते विचारतायत! त्या दिवसापासून अव्वा त्या गाडीजवळून जातानासुद्धा पदर सावरून, भिंतीच्या कडेने जातात.

आणि आप्पा! माझे सासरे, रुद्रय्याआप्पा. मार्केट यार्डात गुळाची अडत. आयुष्यभर गुळाच्या ढेपा बघितल्या, तोंडात खडा टाकून कुठल्या गावच्या उसाचा ते सांगायचं, आणि चांगल्याला चांगलं, वाईटाला वाईट म्हणायचं, हाच धंदा. तर ते गाडीलाही तसंच बघतात. रोज सकाळी व्हरांड्यातून एकदा नजर टाकायची आणि मान हलवायची. ‘नको तेवढी पिवळी हाय. केमिकल मारलेला माल दिसतोय.’ गाडी हो! गुळाच्या भाषेत! पण तरीही अमावस्येला आमच्यात सगळ्या गाड्यांची पूजा असते ना, मग अडतीच्या टेम्पोबरोबर हिचीही करतात, न चुकता. विभूती लावतात, नारळ फोडतात, पुढे लिंबू-मिरची बांधतात. आता हिची उंची ती काय! ती लिंबू-मिरची रस्त्याला घासत जाते. मी कावळा नाक्याला पोचेपर्यंत तिचा ठेचा झालेला असतो. तसं सांगितलं, तर आप्पा म्हणतात, ‘मग गाडी बदल की. मिरची कशाला बदलू?’

तुम्ही म्हणाल, एवढी जुनी झाली, पार्ट मिळत नाहीत, आपोआप मरेल की कधीतरी. पुण्यात मेली असती हो! मुंबईत मेली असती! पण ही कोल्हापुरात आहे. इथे उद्यमनगरात आमचा मेकॅनिक बसलाय, कृष्णात. मी रडत जाते, ‘कृष्णातदादा, दाराचं हँडल तुटलं, कुठेच मिळत नाही, परदेशातून मागवावं लागतंय,’ तर तो छाती पुढे काढून म्हणतो, ‘वैनी, मागवायचं कशाला? ओतू की!’ आणि ओततो! शेजारच्या फाउंड्रीत साचा करून ओततो! ‘कंपनीपेक्षा जाड केलंय बगा, तुमच्या नातवाला बी पुरंल.’ इतकं जड हँडल, की दार उघडायला दोन हात लागतात आणि एकदा उघडलं की ते स्वतःच्याच वजनाने भिंतीवर जाऊन आपटतं. आरसा टेम्पोचा बसवलाय. हॉर्न उसाच्या ट्रॅक्टरचा. म्हणजे मागून बघावं तर स्पोर्ट्स कार, आणि वाजवावा हॉर्न तर लोक बाजूला होऊन ट्रॉलीची वाट बघत उभे राहतात! अशी गाडी मरते होय? नाही मरत. मग मारायची का, हे मीच ठरवायचं. का? तर गाडी तुझी, निर्णय तुझा!

आणि खरी अडचण पुढेच आहे. श्रुती अडीच वर्षांची. तिची लहान मुलांची सीट मागे लावायची असते, आणि आमच्या गाडीला मागे म्हणून काही नाहीच! पुढे बसवली तर काय काय होऊ शकतं हे मी एका रात्री मोबाइलवर वाचलं... वाचू नये, मला माहीत आहे वाचू नये, पण मी वाचते. ताप आला तरी वाचते, ताप आला नाही तरी का नाही आला ते वाचते. तेव्हा श्रुती आजवर त्या गाडीत एकदाही बसलेली नाही. पाऊस असो, ऊन असो, मुलीला घेऊन मी रिक्षात, आणि दारात माझी गाडी झाकून ठेवलेली. गल्लीतल्या विठाबाई तर तोंडावर विचारतात, ‘लेकीपरीस गाडी मोठी व्हय गं?’ बरं, त्यांना उत्तर देणं सोपं आहे. मला स्वतःला काय उत्तर देऊ? चांगली आई असती तर तिने केव्हाच विकली असती, नाही का? की चांगली आई असा प्रश्नच मोबाइलला विचारत बसत नाही?

आता तुम्हाला एक सांगते, इथेच ठेवा. संध्याकाळी मी दुधाला म्हणून गाडी काढते. दूध आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मिळतं. मी कळंब्याच्या तळ्यापर्यंत जाते. आणि परत येते. बस, एवढंच! पण ती जी काय वीसेक मिनिटं असतात ना... त्या गाडीत श्रुतीला बसवता येत नाही, अव्वांना उतरता येत नाही, शिवकुमारचे गुडघे डॅशबोर्डला लागतात आणि आप्पा तर पाय ठेवायला तयार नाहीत. तेवढा वेळ मला कुणी ‘आई’ म्हणत नाही, ‘वैनी’ म्हणत नाही, ‘अगं ऐकलंस का’ म्हणत नाही. फक्त इंजिन कुरकुरतं, पण ते माझ्याबद्दल नाही कुरकुरत! आता हे कारण घरात कसं सांगायचं? ‘मला ही गाडी ठेवायची आहे, कारण तुमच्यातलं कुणीही तिच्यात मावत नाही’? सांगून बघा तुम्ही तुमच्या घरी!

तर नाही सांगितलं. शहाण्या आईसारखी मोबाइलवर जाहिरात टाकली. फोटो काढताना श्रुती मध्येच येऊन बॉनेटला बिलगली, तो फोटो मला टाकवला नाही, दुसरा टाकला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. बिद्रीहून, विजयसिंह म्हणून. पांढरेशुभ्र कपडे, डोळ्यांवर गॉगल, आणि दोन सीटांची गाडी बघायला जीपमधून सात माणसं! ‘या पावणं, बसा पावणं,’ चहा झाला, पोहे झाले, आणि सगळे उठून गाडीला गराडा घालून उभे. एक टायरला लाथ मारतोय, एक बॉनेटवर थापटतोय, एक खाली वाकून बघायला गेला तो डोकंच आत जाईना म्हणून हिरमुसून उभा. आणि विजयसिंह गॉगल वर करून मला म्हणतो, ‘वैनी, छप्पर उगडतंय काय?’

मी म्हटलं, ‘नाही हो.’

‘न्हाय? मग काय, कापू की!’

कापू की! जसं काही कलिंगडच! ‘धाकट्याचं लगीन हाय पुढच्या म्हयन्यात. वरातीला पायजे. नवरा-नवरीनं उभारायला पायजे न्हवं? छप्पर कापायचं, दोन बाजूला दांडं, वर फुलांचं तोरण, म्होरं डॉल्बी. नादच खुळा!’ मी घाबरत विचारलं, ‘आणि लग्न झाल्यावर?’ तर म्हणतो, ‘मग ऱ्हाईल की उसाच्या कडंला. पोरास्नी खेळाय.’

मी शिवकुमारकडे बघितलं. तो मान वाकडी करून, भुवया उंचावून... बोलायचीही गरज नाही हो, त्याच्या भुवयांवर लिहिलेलंच होतं, गाडी तुझी, निर्णय तुझा! कडेवर श्रुती, तिने माझ्या कानातलं ओढून धरलेलं, अव्वा दारातून हाताने ‘देऊन टाक, देऊन टाक’ करतायत. आणि खरं सांगते, मी तोंड उघडलं होतं. ‘घेऊन जा’ एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं हो!

आणि नेमका तेव्हा त्या विजयसिंहाने भाव पाडायला म्हणून नखाने दाराचा रंग खरवडला आणि त्या सहाजणांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘रंग काय खरा न्हाय ह्येचा. भेसळीचा माल वाटतोय.’

व्हरांड्यात आप्पा पेपर वाचत होते. तो पेपर खाली आला.

‘पावणं. काय म्हणाला?’

तुम्हाला सांगते, मार्केट यार्डात इतकी वर्षं काढली त्या माणसाने, पण त्यांच्या अडतीवर उभं राहून भेसळ हा शब्द कुणी काढला नव्हता. आणि हा त्यांच्या दारात काढतोय! आप्पा उठले. टोपी घातली. पायऱ्या उतरून खाली आले आणि विजयसिंहाचा दंड धरून म्हणाले, ‘सावलीत बगू नका, माल उन्हात बगायचा असतोय. या, हिकडं या. आता बगा! ह्याला रंग म्हणत्यात! पिवळाधमक! हात लावा. लावा की! चिकटतोय? न्हाय चिकटत. पंधरा पावसाळं खाल्लं तरी पाझरला न्हाय! असा माल आता निगत न्हाय, पावणं, असली मानसंच ऱ्हायली न्हाईत!’ मी बघतच राहिले. सातही जण बघत राहिले. कालपर्यंत केमिकल मारलेली होती ना हो ती?

विजयसिंह चाचरत म्हणाला, ‘तसं न्हाय आप्पा, पर चालायला...’

‘चालायला?’ आप्पांचा आवाज चढला. ‘सौंदर्या, इंजिन लाव!’

आणि स्वतःच ते जड दार दोन हातांनी ओढून, टोपी काढून, घडी घातल्यासारखे आत जाऊन बसले! आप्पा! त्या गाडीत! अव्वांनी तोंडाला पदर लावला. मी श्रुतीला शिवकुमारच्या हातात दिली, बसले, आणि काढली गाडी. उचगावच्या बाजूला रस्ता मोकळा होता. सुरुवातीला आप्पांनी दोन्ही हातांनी सीट धरली होती. मग एक हात सुटला. मग तो हात खिडकीबाहेर गेला. आणि मग, माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना, सत्तरीचे आप्पा म्हणाले, ‘दाब की गं!’

दाबली! ट्रॅक्टरचा हॉर्न मारला, एक म्हैस बाजूला झाली, आप्पा हसले. त्यांना इतकं हसताना मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. परत आलो तर सगळे तसेच उभे. आप्पा उतरले नाहीत. काही अंशी उतरता येत नव्हतं हे मी समजू शकते, पण त्यांनी आतूनच, खिडकीवर कोपर टेकवून, अडतीवर बसल्यासारखं जाहीर केलं, ‘पावणं, माल संपला.’

‘संपला? आवो, ही काय उबी हाय की!’

‘घरातच गेला.’

झालं! जीप गेली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, डोळ्यांत पाणी आलं, मी ते श्रुतीच्या फ्रॉकला पुसलं. पासिंगचं आप्पांनीच मनावर घेतलं, कृष्णातला स्वतः फोन केला. आणि शिवकुमार काय म्हणाला असेल? ‘बघ, शेवटी तुझ्याच मनासारखा निर्णय झाला की नाही?’ मीही म्हटलं, झाला बाई. देव पावला.

सोमवारी संध्याकाळी दुधाची किटली घेतली, किल्ली घेतली, बाहेर आले. तर आप्पा. बाजूच्या सीटवर. टोपी घालून, पट्टा लावून तयार. ‘चल.’

‘आप्पा, मी दुधाला चाललेय.’

‘म्हायत हाय. कळंब्यावरनं जाऊ.’

आता रोज! रोज हो! गुळाचे दर, अव्वांचं बीपी, श्रुतीला अजून पाढे का येत नाहीत, तुझ्या नवऱ्याने लहानपणी किती मार खाल्ला, तिसरा गिअर टाक, मार्केट यार्डात कोण कुणाला फसवतो, आता चौथा टाक... कळंब्यापर्यंत जाताना एक विषय, येताना दुसरा. कालच मी धीर करून म्हटलं, ‘आप्पा, आपण एक मोठी गाडीसुद्धा बघूया का? तुम्हाला ऐसपैस बसता येईल, सगळेच जाऊ फिरायला.’

आप्पांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, ‘घ्या की, त्यास्नी घ्या. आपल्याला हीच बरी. घरात कोण ऐकतंय माझं? तुझी अव्वा उठून स्वयपाकघरात जाती, शिवा मोबाइल घिऊन जिना चढतोय. हितं तू गाडी चालवत असतीस. मधनंच उठून जाता येत न्हाय तुला.’

सिग्नल सुटला. मी गिअर टाकला आणि म्हटलं, ‘बोला, आप्पा.’